गिरणीवरचा जिना

आमच्या अण्णांची खोली खाली चालली आहे. दिवाळी उलटल्यावर कधीतरी सुरुवात झाली. आधी उंबऱ्याच्या आत एक पायरी पडली. आई तिथं ठेचकाळली आणि म्हणाली, "जुनं घर आहे, बसतं थोडं." मग ते थोडं वाढत गेलं. फरशी, खाट, लोखंडी कपाट, खुर्ची आणि खुर्चीत बसलेले अण्णा, असं सगळं एका पातळीत, काहीही न सांडता, खाली जाऊ लागलं. भिंती तेवढ्या लांबल्या. वाढलेल्या भिंतीलाही आमचाच पोपटी रंग होता, त्यामुळे निदान रंगाऱ्याला बोलवावं लागलं नाही. पंखा मात्र वरच राहिला. आई तो दिवसभर चालू ठेवते. म्हणते, थोडा तरी वारा खाली जात असेल.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम. मिरजेत आमच्या भागात त्यांना सगळे ओळखतात, कारण निवृत्त होईपर्यंत ते पाणीपुरवठ्यात होते. नळाला पाणी सोडायची ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की दारादारातून बायका विचारायच्या, "अण्णा, पाणी कधी?" ते सांगायचे, आणि पाणी तेव्हाच यायचं. मग ते निवृत्त झाले आणि चावी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. काही दिवस अण्णा चौकापर्यंत जाऊन यायचे, मग ओट्यापर्यंत, मग खुर्चीपर्यंत. त्यानंतर खोली हलली.

मी त्रिशला, त्यांची एकुलती एक मुलगी. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई टोचताना माझा हात हलत नाही, अशी माझी ख्याती आहे. पण त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून "अण्णा, चहा घेणार?" असं ओरडताना माझा आवाज हलायचा. मला भीती वाटायची, ती कशाला लपवू?

"नको," असं खालून यायचं. नाहीतर, "बघू."

"बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

खरी काळजी जेवणाची होती. आम्ही जैन. अण्णा सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. तापाने फणफणले होते तेव्हाही त्यांनी हा नेम मोडला नव्हता. आईने परसातल्या विहिरीची कप्पी काढून खोलीच्या दारात बसवली आणि ती डबा दोरीने खाली सोडू लागली. खोली जसजशी खाली गेली, तसतसा डबा पोचायला वेळ लागू लागला. शिवाय खाली दिवस आमच्याआधी मावळतो. ती मधली खोली, तिला खिडकी नाही. छपरात एकच काचेचं कौल आहे, आणि त्यातून आलेला उजेड तळाशी जाईपर्यंत दमतो.

आधी आई संध्याकाळचा डबा चहाच्या वेळी सोडायची. मग दुपारची झोप मोडून सोडायला लागली. मग सकाळची भांडी घासून झाली की लगेच. तरीसुद्धा कधी कधी डबा अर्ध्या वाटेत असताना खालून आवाज यायचा, "राहू दे. मावळला." मग आई डबा परत ओढायची. डबा वर आला की उघडायची, वाळलेली भाकरी हातात घेऊन बघायची आणि झाकण लावायची. हे असंच चालू राहिलं, तर डबा कधीही सोडला तरी तो मावळायच्या आत पोचणार नव्हता, आणि अण्णा काही नेम मोडणार नव्हते. हे आम्हा दोघींनाही कळत होतं. आम्ही एकमेकींना सांगत नव्हतो, इतकंच.

आईने सगळ्यात आधी तिच्या भावाला बोलावलं. सुकुमारमामा जयसिंगपुरात लोकांना सकारात्मक विचार शिकवतो. तो आला, हात कमरेवर ठेवून काठावर उभा राहिला आणि खाली ओरडला, "दाजी! मन घट्ट करा! तुमच्या वयाची माणसं डोंगर चढतात! तुम्हाला काय कमी आहे?"

खोलीने कण्हल्यासारखा आवाज केला आणि ती एकदम पुरुषभर खाली गेली.

"बघ, हलले!" मामा म्हणाला.

आईने त्याला पोटभर जेवायला वाढलं आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं.

लॅबच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "नोंदणी असलेला मानसतज्ज्ञ गाठ. नोंदणी नसलेल्या माणसाला काठावर उभं करायचं नाही. त्याच्या बोलण्याचं वजन खाली पडतं. आणि तुमच्या भागातलाच बघ."

यातलं पहिलं मला पटलं, दुसऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही. मी सांगलीहून एकांना बोलावलं. नोंदणी होती, माणूस सज्जन होता, वेळेवर आले. पण मामा घरचा होता; परक्या भागातल्या, परक्या माणसाला आमचा खड्डा दिसेना. त्यांना फरशी सपाट दिसत होती. बोलत बोलत ते त्या फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले. खरं म्हणजे ते पडायला हवे होते. पडले नाहीत.

"खोली छान आहे," ते म्हणाले. "हवेशीर. वडील कुठे आहेत?"

"वर कोण चालतंय?" खालून अण्णा म्हणाले. "अंधार झाला."

ते गृहस्थ चहा घेऊन गेले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मी परत लॅबच्या बाईंकडे गेले.

"सांगितलं होतं ना, तुमच्या भागातला म्हणून," त्या म्हणाल्या. "आहे की एक. नसीमा जमादार. तुमच्या पिठाच्या गिरणीवर बसतात."

मिरजेत माणसाच्या प्रत्येक अवयवाला दोन-दोन डॉक्टर आहेत. कर्नाटकातून लोक गुडघे दाखवायला आमच्याकडे येतात. आणि जी बाई मला हवी होती, ती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, ज्या गिरणीत मी परकर-पोलक्यात असल्यापासून ज्वारीचा डबा नेत होते, तिच्या डोक्यावर बसत होती. गिरणीच्या शेजारून एक अरुंद जिना वर जातो. त्याच्या तोंडाशी एक पाटी आहे. ती कायम पांढरी असल्यामुळे कोरी आहे असं मला वाटायचं. मी रुमालाने पुसली. पिठाखाली अक्षरं होती : नसीमा जमादार, नोंदणीकृत मानसतज्ज्ञ, पहिला मजला.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात बंडू ऐनापुरेने गिरणीतून मान बाहेर काढली. गिरणी त्याची. भुवयांपर्यंत पांढरा.

"काय त्रिशला, डबा नाही हातात. मग इकडं कुठं?"

"दात दाखवायला," मी म्हणाले.

का म्हणाले ते काय सांगू? आमच्याकडे गुडघा दुखतो हे माणूस चौकात उभं राहून सांगतो, मूळव्याधीचंसुद्धा सांगतो. हे मात्र तोंडातून निघत नाही. जीभ आपणहून दाताकडे वळते.

मी जिना चढले. वर दातांचा दवाखाना होता. एक तरुण डॉक्टर हातमोजे घालून उभा होता.

"बसा. कुठला?" त्याने विचारलं.

"कुठलाच नाही. मला जमादार बाईंकडे जायचं होतं."

"खाली काय सांगितलंत?"

"दात."

"मग बसा."

त्याने माझी खालची डावी दाढ काढली. चांगली होती. त्यालाही तसंच वाटलं, त्याने ती उजेडात धरून कौतुकाने पाहिली. कापसाचा बोळा चावत मी खाली आले आणि बंडूला खुणेने विचारलं की वर दवाखाना कधी झाला.

"वर? दवाखाना कुठला वर?" बंडू म्हणाला. "वर त्या जमादार बाई असतात. पण त्यांच्याकडं कोण जात नाही बघ."

घरी आई काठावर बसून दोरी सोडत होती.

"भेटल्या का त्या?"

"नाही. दाढ काढली."

"दुखत होती?"

"नाही."

"काढलीस ते बरं केलंस. पुढं दुखली असती."

जिन्याचं गणित मला कळलं होतं. खाली जे सांगाल, तिथं तो नेतो. म्हणून पुढच्या वेळी मी भर दुपारी गेले. वीज गेलेली होती, गिरणी बंद, बंडू जेवायला घरी. काही बोलायचंच नाही, सरळ चढायचं, असं ठरवलं होतं. पण वीज यायची वाट बघत बाकावर खोत काकू बसल्या होत्या, मांडीवर गव्हाचा डबा. काकूंना एखादी गोष्ट कळली की ती आमच्या भागात दवंडी न पिटता पसरते.

"काय गं पोरी, इकडं कुठं?" त्यांनी विचारलं. मी गप्प राहिले. काकूंना गप्प बसलेलं माणूस बघवत नाही, त्यांनी उत्तरही आपणच दिलं. "स्थळ बघायला चाललीस व्हय? वर कुणीतरी वधूवर सूचक उघडलंय म्हणं."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. जिन्याला तो फरक मान्य नव्हता.

वर मुलाकडचे बसले होते. उप्पीट खाऊन झालं होतं. मुलाच्या आईने मला उभं राहायला सांगितलं, मग चालायला, मग बसायला.

"दात एक कमी दिसतोय," ती म्हणाली.

"परवाच काढला."

"वडील काय करतात?"

"खाली असतात."

"खाली म्हणजे, तळमजल्यावर?"

"त्याच्याही खाली."

"घर स्वतःचं आहे ना?"

"आहे."

"मग हरकत नाही," ती म्हणाली, आणि कुणीतरी माझ्या तोंडात साखर घातली. मुलगा चष्मा पुसत होता. तो हळूच म्हणाला, "मला घाई नाही." एवढ्या सगळ्यांत तोच काय तो समंजस निघाला. मी ओटीतला नारळ घट्ट धरून जिना उतरले.

आईने नारळाकडे पाहिलं. "हे काय?"

"ठरलंय माझं. मोडावं लागेल."

"मुलगा कसा आहे?"

"बरा आहे."

आईने नारळ माझ्याकडून घेऊन कोनाड्यात ठेवला. मग म्हणाली, "आज डबा पोचला नाही. उजाडल्या उजाडल्या सोडला होता."

दुसऱ्या दिवशीही पोचला नाही. आईने दोरीला दोरी जोडली, डब्यातून भाजी काढून टाकली, हलका व्हावा म्हणून नुसती भाकरी ठेवली. दोरी तिच्या हातातून सुटत राहिली आणि काचेच्या कौलातला उजेड पिवळा होत गेला. मग खालून, फार लांबून, आवाज आला.

"कशाला त्रास घेता? मला भूक नाही."

आईने दोरी कप्पीला गुंडाळली आणि ती तिथंच फतकल मारून बसली. तिचे तळहात सोलले होते.

"मी खोत वहिनींना सांगितलंय, हे गावाला गेलेत म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या मावशीला पण तसंच सांगितलं. देवळात विचारलं, तिथंही. त्रिशला, इतक्या जणांना सांगितलंय गं मी." आणि ती रडायला लागली. आईला रडताना मी त्याआधी फक्त लग्नांमध्ये पाहिलं होतं. मला वाटलं, आता आपणही बसावं, तिच्याशेजारी, आणि मोठ्याने रडून घ्यावं. पण अण्णा खाली उपाशी होते. मी चपला घातल्या.

ओट्यावरून उतरायला हल्ली वेळ लागतो. अण्णांची खोली खाली जायला लागली त्या सुमाराला ओट्यालाही पायऱ्या वाढल्या. रस्ता खचलाय, असं आई म्हणते. मी पायऱ्या धावत उतरले.

गिरणी चालू होती आणि सगळा भाग तिथं जमला होता. सणाआधी असते तशी गर्दी. बंडू, खोत काकू, देवळातले पुजारी, इस्त्रीवाला, माझ्या शाळेच्या बाई. डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती.

"ठरलं म्हणं गं तुझं!" पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून खोत काकू ओरडल्या. "मग आता परत इकडं कुठं?"

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होते. तोंडात शब्द होते, पण ते कोरड्या पिठासारखे टाळूला चिकटले. दात, असं म्हणायचं एकदम सोपं होतं. अजून पुष्कळ दात शिल्लक होते. ते सोपं उत्तर मी जिभेवरून परत आत ढकललं.

"जमादार बाईंकडे चाललेय," मी म्हणाले. "त्या मानसतज्ज्ञ आहेत. अण्णांसाठी चाललेय. अण्णा गावाला गेलेले नाहीत. ते त्यांच्या खोलीत आहेत आणि खोली खाली चाललीय."

बंडूने पट्टा उतरवला. गिरणी गुरगुरत थांबली. हवेतलं पीठ सावकाश सगळ्यांच्या खांद्यांवर बसलं. आता कुणीतरी हसणार, असं मला वाटलं.

"किती खाली?" खोत काकूंनी विचारलं.

"डबा पोचत नाही."

काकूंनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

"आमच्या ह्यांची पण गेली होती," त्या म्हणाल्या. "आम्ही वर फरशी घातली."

"आणि मग?"

"मग काय? तिथं देव्हारा ठेवलाय." त्यांनी पदराने डब्याचं झाकण पुसलं, ते स्वच्छच होतं. "जा तू. उभी राहू नकोस, जा."

या वेळी जिना सरळ वर गेला. वर एक खोली होती, दोन खुर्च्या, एक माठ. खिडकीच्या चौकटीवर पिठाचा थर. नसीमा जमादार पन्नाशीच्या असाव्यात. केस अर्धे पांढरे होते, गिरणीमुळे की वयामुळे ते कळत नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं वर आलं."

"नोंदणी आहे ना?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मी प्रमाणपत्राच्या जवळ जाऊन ते पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचलं. मामाचा अनुभव ताजा होता. त्यांनी मला वाचू दिलं. त्यांना राग आला नाही.

"भाग?" मी विचारलं.

"हाच. मी जन्मले ती गल्ली तुमच्या मागची."

"आत्ता येता?"

"चप्पल घालते." मग जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "आणि तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुम्हाला कसं वाटतंय?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "दाढ होती तिथं सारखी जीभ जाते," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. "तेही बघू. आधी अण्णा."

गिरणीपाशी लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणीही काही विचारलं नाही. आमच्या ओट्याच्या पायऱ्या चढताना नसीमाबाई थांबल्या, परत चढल्या, परत थांबल्या. कठड्याला धरून त्यांनी श्वास घेतला.

"तुमचं घर फार उंच आहे," त्या म्हणाल्या.

"रस्ता खचलाय."

त्यांनी खाली रस्त्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढची पायरी चढल्या.

आईला पाहुण्यांची चाहूल लागली होती. आम्ही आत गेलो तोवर तिने अण्णांच्या खोलीवर सतरंजी ओढली होती, चार कोपऱ्यांवर चार पाट ठेवले होते आणि डोळे पुसून ती उप्पिटाला रवा काढत होती.

"बसा ना," ती म्हणाली. "हे जरा गावाला—"

"आई," मी म्हणाले.

"काढू या का ती?" नसीमाबाईंनी सतरंजीकडे बघत विचारलं. आई हातात रव्याची वाटी घेऊन उभी राहिली. मग तिने वाटी ठेवली आणि स्वतःच पाट उचलले.

नसीमाबाईंना खड्डा दिसला. त्यांचा चेहरा बघूनच मला ते कळलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला जरा हलकं वाटलं. त्या काठावर उभ्या राहिल्या नाहीत. त्या सरळ पालथ्या झोपल्या, हनुवटी दोन्ही हातांवर टेकवली आणि कितीतरी वेळ नुसत्या खाली बघत राहिल्या. खोली हलली नाही.

"अण्णा," त्यांनी हाक मारली. ओरडल्या नाहीत, शेजारच्या खुर्चीत बसलेल्याशी बोलावं तशा बोलल्या. "मी नसीमा. गिरणीवर बसते."

खालून खुर्ची करकरली. मग आवाज आला.

"पाण्याच्या वेळेचं मला आता काही माहीत नसतं."

"ते विचारायला नाही आले."

"मग?"

"तुम्हाला तिथून काय दिसतं?"

आम्ही चहाचं विचारलं होतं, भाकरीचं विचारलं होतं, ताप आहे का, पाठ दुखते का, झोप लागली का, सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी भिंतीला हात टेकला.

"चौकोन दिसतो," अण्णा म्हणाले. "आधी मोठा होता. त्यात ही दिसायची, पोरगी दिसायची. आता लहान झालाय."

"आणखी?"

"आणखी काय असणार? मी आपला इथं बसलोय. घर वर चाललंय."

आई पुढे सरकली. "अहो, असं काय करता? तुम्ही खाली चाललाय."

"मी कुठं खाली चाललोय?" अण्णा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "माझे पाय जमिनीला आहेत. दिवाळीनंतर तुम्ही वर जायला लागलात. मी म्हटलं, जाऊ दे, त्यांची कामं असतील. हाक मारणार होतो. पण तुम्ही दोघी घाईत दिसायचा."

आईने आपल्या पायांकडे पाहिलं. मी पुढच्या दारात गेले.

आमची गल्ली खाली होती. जिथं असायची तिथंच, जशी असायची तशीच, कुठंही खचलेली नव्हती. गिरणीचं छप्पर आमच्या ओट्याच्या खूप खाली होतं. देवळाचं शिखरही खाली होतं, आणि त्यावरची कबुतरं मला वरून दिसत होती. रस्त्यात खोत काकू मान वर करून उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून. त्यांचे ओठ हलत होते. काय विचारत होत्या ते इतक्या उंचीवर ऐकू येत नव्हतं. मी रोज चढत-उतरत होते, म्हणून मला दम लागायचा बंद झाला होता. मला वाटायचं, सवय झाली.

मी परत आत आले. नसीमाबाई तशाच पालथ्या होत्या.

"आता?" मी विचारलं.

"मी त्यांना विचारू शकते, त्यांचं ऐकू शकते," त्या म्हणाल्या. "घर मला खाली आणता येत नाही."

"वर कोण रडतंय?" अण्णांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"का गं?"

"डबा पोचत नाही हो तुमच्यापर्यंत. काही केल्या पोचत नाही."

पंखा आमच्या डोक्यावर फिरत होता. अण्णा विचार करत असले की घसा खाकरतात, तसे ते खाकरले.

"मग डबा कशाला सोडतेस?" ते म्हणाले. "तूच ये की."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही, नसीमाबाईंकडेही पाहिलं नाही. तिने पदर कमरेला खोचला, काठावर बसली आणि बांगड्या कोपरांकडे सारल्या. नसीमाबाई पटकन उठल्या, त्यांनी तिचा एक हात मनगटापाशी धरला. दुसरा मी धरला. तो गरम होता आणि सोललेला होता. आईने एक पाय खाली सोडला.

"सावकाश," अण्णा म्हणाले. "अजून चौकोनात उजेड आहे."

"पायाला काही लागतंय का?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली, आणि तिने दुसराही पाय सोडला.